शेवंताची वाटी

“म्हणजे ह्या सशांपायी तुम्ही मला अजून एक वर्ष थांबवणार?”

उपासनीसर उभेच होते. पिंजरा त्यांनी मठाच्या पायरीवर ठेवला होता. आत दोन पांढरे ससे एकमेकांना चिकटून बसले होते.

हैबतबुवा अंगणात शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“म्या न्हाई थांबवलं,” ते म्हणाले. “तुमच्या घरानं थांबवलं.”

आमचा मठ ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सांगायला हवं. इथे छाटी घ्यायची, म्हणजे गेरूत रंगवलेलं वस्त्र घेऊन मठाचं व्हायचं, तर आधी आपलं घर आपल्या हातानं रिकामं करावं लागतं. आदल्या दिवशी मठातलं कुणीतरी त्या घरी जातं आणि बंद दार वाजवतं. आतून काही आवाज आला, तर आत कुणीतरी वाट बघणारं आहे असं धरतात. मग छाटी वर्षभर लांबते.

मी कृष्णाबाई, इथला स्वयंपाक बघते. दार वाजवायचं कामही माझ्याकडेच असतं.

गेल्या साली सरांचं दार मीच वाजवलं होतं. घर चकचकीत रिकामं होतं. कपाटं गेली होती, पुस्तकं गेली होती, भिंतीवरचं घड्याळसुद्धा गेलं होतं. मी कडी वाजवली आणि आतून आवाज आला. धप्प. धप्प.

ससा घाबरला की मागचा पाय जमिनीवर आपटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खिडकीतून बघितलं तर मोकळ्या फरशीवर तीन ससे. मी मठात येऊन जे ऐकलं-बघितलं ते सांगितलं.

तेव्हापासून सर माझ्याशी धड बोलत नाहीत. माझ्या हातची भाकरी खातात आणि बघतात पाण्याच्या तांब्याकडे. माणूस विद्वान आहे, कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेला. पण रुसवा अगदी शाळकरी.

“मी काही स्वस्थ बसलो नव्हतो, बुवा,” सर म्हणाले. आवाज चढलेला होता. “वर्षभर ह्यांच्यासाठी घर शोधलं. भाच्याला विचारलं. त्याच्या बायकोला केसांची ॲलर्जी. शाळेत विचारलं. हेडबाई म्हणाल्या, मे महिन्याच्या सुट्टीत कोण बघणार. ज्या दुकानातून आणले तिथला माणूस म्हणाला, मोठे झालेले परत घेत नाही.”

“अजून?”

“एक फार्महाऊसवाला तयार झाला होता. न्यायला आला, एकाला मानेला धरून उचललं, आणि मला म्हणाला, सर, अजून महिनाभर खाऊ घाला, मग नेतो.”

सरांनी पिंजऱ्याची कडी उगाच पुन्हा तपासली.

“त्याला हाकलून दिला. आता तुम्हीच सांगा. मठाला एवढं आवार आहे. गोठा रिकामा पडलाय. ठेवून घ्या ह्यांना.”

बुवांनी शेंगांची टरफलं सुपात लोटली.

“मठ म्हंजी तुमची अडगळीची खोली हाय व्हय?”

बुवा पूर्वी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बोलणं अजून पान्यासारखं आवळणारं आहे. पण त्यांचं खोटं नव्हतं. लोक इथे काय काय आणून टाकतात, ते मीच झाडते. बिघडलेले मिक्सर, विटक्या गाद्या, बोलायचा बंद झालेला पोपट. एकानं तर आईलाच आणून बसवलं होतं, हवापालटासाठी म्हणून. बुवांनी दोघांनाही त्याच रिक्षातून परत पाठवलं.

“सगळ्या घरांनी न्हाई म्हटलं,” बुवा म्हणाले. “एक घर इचारायचं ऱ्हायलं.”

“कुठलं?”

“तुमचं.”

“ते तर रिकामं करायचंय.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्ही.” सरांचा आवाज फाटला. “तुमच्या मठानं. नियम तुमचा आहे, माझा नाही.”

बुवांनी दोन शेंगा फोडल्या.

नियम आमचा होता, हे खरंच होतं. आणि दार मी वाजवलं होतं.

“नियम आमचा हाय,” बुवा शेवटी म्हणाले. “अक्कल ज्यानं त्यानं आपली आणायची असती.”

मग त्यांनी पिंजऱ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

“गेल्या साली कृष्णाबाईनं तीन सांगितलं व्हतं. तिसरा कुठाय?”

सर ताठ झाले. मला वाटलं, आता ते मान खाली घालतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

“त्याला मुक्त केलं.”

“म्हंजी?”

“काल संध्याकाळी, मठामागच्या टेकडीवर. मांडीवर घेतलं, मंत्र म्हटला आणि सोडलं. बुवा, पिंजऱ्यातल्या जिवाला त्याचं मूळ घर परत दिलं. ह्या दोघांनाही देणार होतो, पण अंधार पडत आला.”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

आमच्या टेकडीवर मुंगसं आहेत, घारी आहेत आणि खाटीकवाड्यातली कुत्री आहेत. टेकडी तांबड्या मातीची. त्यावर पांढरा ससा म्हणजे वाळत घातलेला कपडा, कोसावरून दिसावा. दुकानात जन्मलेला, फरशीवर वाढलेला, वाटीत कोथिंबीर खाणारा जीव. त्याचं कसलं आलंय मूळ घर तिथे?

मला इतका संताप आला की मी बोलूनच गेले.

“सर, तुम्ही त्याला मोकळं नाही केलंत. माझ्या कानाआड केलंत. मी दार वाजवलं की आवाज येऊ नये म्हणून.”

सरांनी वर्षभरानंतर पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

बुवा उठले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक लहान स्टीलची वाटी होती. दाराच्या फटीतून हात घालून त्यांनी ती काढली. काठावर नाव कोरलेलं होतं. सौ. सुलभा उपासनी.

“ही?”

“त्यांची वाटी आहे. दुसऱ्या कशात खात नाहीत.”

“नाव मालकिणीचं हाय.”

“ती गेली. मग घर खायला उठायला लागलं, म्हणून मीच हे तिघे आणले. तीन पिल्लं. ही वाटी वाजवली की येतात, घरात कुठेही असले तरी.” सर एकदम सावरले. “पण ती जुनी गोष्ट झाली. आता मला त्यात गुंतायचं नाही. मी त्यांना नावंसुद्धा ठेवलेली नाहीत.”

“चला,” बुवा म्हणाले.

“कुठे?”

“जिथं मुक्त केलं तिथं.”

टेकडी काही फार उंच नाही. तरी सर मागे मागे राहत होते. बुवा पुढे, वाटी हातात घेऊन. मी चुलीवरचं कालवण उतरवून त्यांच्यामागे निघाले.

“इथे,” सर एका सपाट दगडाशी थांबून म्हणाले.

दगडाच्या पलीकडे करवंदीच्या काट्यांना पांढरे केस अडकले होते. बरेच होते. खाली मातीत काळपट डाग होता आणि कुत्र्याच्या पायांचे ठसे.

सरांनी ते बघितलं.

“निसर्गाचा नियमच आहे तो,” ते म्हणाले. पण ते स्वतःलाच सांगत असल्यासारखं हळू.

बुवा वळले. सहा वर्षं ते सरांना अहोजाहो करत आलेले, आज पहिल्यांदा अरेतुरेवर आले.

“गप बस. नियमाचं नाव घेऊ नगंस. माझा नियम दाखवून तू ह्याला घराबाहेर काढलंस, आता निसर्गाचा दाखवून मारतोयस. तुझं सोताचं काही हाय का न्हाई?”

सर पांढरेफटक पडले.

बुवांनी खडा उचलला आणि वाटीवर मारला. टण. टण. टण. ऐकत उभे राहिले. काही हललं नाही. मग त्यांनी वाटी माझ्याकडे दिली. मीही वाजवली. लांबवर कुठेतरी टिटवी ओरडली, तेवढंच.

बुवांनी वाटी सरांपुढे धरली.

“नको,” सर म्हणाले.

“वाजव.”

“बुवा, ते मेलंय. दिसतंय ना समोर…”

“मेलं असंल तर यायचं न्हाई. तुला कशाची भीती?”

सरांनी वाटी घेतली. बराच वेळ नुसती धरून ठेवली. बोट त्या कोरलेल्या नावावरून फिरत होतं, त्यांच्या लक्षात नसावं. मग त्यांनी बोटातल्या अंगठीनं वाटीवर दोनदा टिचकी मारली. थांबले. मग एकदा मारली. पुन्हा दोनदा. थांबून पुन्हा एकदा.

घरी रोज असंच वाजवत असणार.

काही नाही.

सरांनी पुन्हा वाजवलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. मला नीट ऐकू आलं नाही. मग त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

“शेवंते… ए शेवंते…”

नावं ठेवली नव्हती म्हणे.

दोन दगडांच्या बेचक्यात काहीतरी हललं. आधी नाक दिसलं. मग ती बाहेर आली, थांबत थांबत. एक कान मधोमध फाटलेला, मानेवरचे केस रक्तानं चिकटलेले, मागचा एक पाय ओढत. बुवा वाटेत उभे होते, त्यांना वळसा घातला. माझ्या पायाजवळून गेली. सरांच्या पावलांपाशी येऊन बसली आणि मान उंच करून तिनं त्यांच्या हातातल्या वाटीत नाक घातलं.

वाटी रिकामी होती.

तिनं पुन्हा एकदा हुंगून बघितलं.

सर खाली बसले. बसले म्हणजे कोसळलेच. तिला छातीशी धरून ते रडायला लागले, चांगले मोठ्यानं, हुंदके देत. माझा राग काही तेवढ्यानं गेला नाही. रडणारा माणूस बघितला की बाकीचे विरघळतात, मी नाही. कान सरांचा फाटला नव्हता.

बऱ्याच वेळानं सरांनी तोंड पुसलं.

“बुवा,” ते म्हणाले, “मी छाटीचा त्याग करतो. मला ती नको. मी ह्यांच्यासाठी…”

“हां,” बुवा म्हणाले. “आता छाटी टाकायची. म्हंजी टाकायला काही ना काही पायजेच तुला.”



आम्ही खाली आलो. शेवंताच्या कानातून पुन्हा रक्त यायला लागलं होतं. सरांचा शर्ट माखला होता. बुवांनी तिला पायरीवर घेतलं आणि हळदीचं बोट जखमेवर दाबलं. तिनं पाय आपटला. धप्प. पिंजऱ्यातल्या दोघांनीही आपटले.

“कृष्णाबाई, फडकं आण.”

“जुनं धोतर आहे, ते आणते.”

“जुनं नको. ती आण.”

मला कळलं, तरी मी जागची हलले नाही. ती छाटी मी स्वतः रंगवली होती. गेरू चाळून, दोनदा बुडवून, सावलीत वाळवून. गेल्या साली सरांसाठी केली आणि वर्षभर पेटीत कडुनिंबाचा पाला घालून जपली. परवा सकाळी ती त्यांच्या खांद्यावर पडायची होती.

“आण म्हटलं ना,” बुवा म्हणाले.

मी आणली. आणून त्यांच्या पुढ्यात जवळजवळ आपटलीच.

बुवांनी दातात धरून काठ फाडला. चर्रकन आवाज झाला. सर एकटक बघत होते. त्या वस्त्रासाठी ह्या माणसानं सहा वर्षं काढली होती. बुवांनी चिंधी कानाभोवती गुंडाळली, गाठ मारली. उरलेली छाटी घडी करून पिंजऱ्यात अंथरली आणि शेवंताला त्यावर ठेवलं. बाकीचे दोघे लगेच तिच्याजवळ सरकले. गेरू ताजा नसला तरी थोडा सुटतो. तिघांच्या पांढऱ्या अंगांना तांबूस रंग लागायला लागला.

सरांनी दोन्ही हात जोडले.

“मग माझं काय, बुवा? उद्या…”

बुवांनी वाटीत सुपातले चार दाणे टाकले. मी आत जाऊन कोथिंबिरीची जुडी आणली आणि न बोलता वाटीत ठेवली. बुवांनी ती वाटी सरांच्या हातात दिली.

“उद्या कृष्णाबाई येईल तुझ्या दारावर,” ते म्हणाले.

“दार वाजवायला?”

“व्हय.”

सर पिंजऱ्याकडे बघत राहिले.

बुवा पुन्हा शेंगा फोडायला बसले. राग अजून उतरला नव्हता, टरफलं जोरात तुटत होती. सरांनी पिंजरा उचलला, फाटकापर्यंत गेले, तेव्हा बुवांनी मान वर केली आणि ओरडून सांगितलं,

“आन् ध्यानात ठेव. आवाज न्हाई आला, तर पुन्हा हिकडं पाय ठेवू नगंस.”