डोळे राखून

“मग निघताना ‘अदिओस’ म्हटलं तर चुकलं कुठं, फादर?”

यशोधननं हे विचारलं तेव्हा फादर बेनितो स्टुलावर चढून मांडवावरच्या द्राक्षवेलीची छाटणी करत होते. मी, त्यांच्या हाताखालचा गडी, खाली स्टूल धरून उभा. फादर मूळचे स्पेनचे, पण आमच्या निफाडाकडच्या मातीतच म्हातारे झालेले. मराठी आपल्यासारखंच बोलायचे, फक्त ‘र’ जरा घोळवून.

यशोधन म्हणजे शेजारच्या केरूनानांचा थोरला. द्राक्षाचंच शिकायला स्पेनला निघाला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे. नाशकात स्पॅनिशच्या क्लासात पहिला आला होता, आणि ते त्यानं आल्या आल्या सांगून टाकलेलं.

“चुकलं नाही,” फादर म्हणाले. “तिकडंही म्हणतात. पण समज, दुकानातून पाव घेतलास, निघालास. काय म्हणशील?”

“अदिओस.”

“जिन्यात शेजारीण भेटली. दोन शब्द बोललात, तू निघालास.”

“अदिओस. देवाच्या हवाली केलं. कसा पक्का शब्द आहे, फादर! एकदा म्हटला की सुटलो.”

“मास्तरांचा तास संपला. उद्या परत तास आहे.”

“अदि…” तो अडखळला. “नाही, अस्ता मान्याना. उद्या भेटू.”

“येतंय की रे.”

“येतंच. पण मग पाववाल्याला काय म्हणायचं?”

“अस्ता लुएगो. भेटूच मग.”

“आणि परत त्या दुकानात गेलोच नाही तर?”

“तरी अस्ता लुएगो.”

“म्हणजे खोटं बोलायचं?” यशोधन हसला. “ते आपल्याला जमायचं नाही. जायचं तर सरळ जातो म्हणावं.”

फादरची कात्री कचकच चालली होती.

कापलेली काडी खाली टाकत म्हणाले, “नानांना काय म्हणालास?”

“काही नाही.”

“पहाटे निघायचंय ना?”

“ऐन छाटणीत बाग टाकून चाललो, म्हणून पोळ्यापासून बोलत नाहीत माझ्याशी. मग मीही बोलत नाही. गाडी येईल, बसेन. मनातल्या मनात म्हणून टाकेन, अदिओस.”

पोरगं बोललं ताठ. पण बघा, बोलताना त्याची नजर आमच्या कुंपणापलीकडं होती. तिथं त्यांची बाग. नाना एकटेच हात वर करून ओळ छाटत होते. अर्धी बाग तशीच पडलेली.

फादरनी एक काडी धरली. चांगली भरलेली, पिकलेली काडी. तिला कात्री लावली ती थेट बुडाशी, आडव्या खोडाला चिकटून.

कच्च.

“अहो फादर!” पोरगं ओरडलंच. “बुडातून काय घेता? डोळे ठेवा की!”

“का? कापायचीच आहे ना?”

“कापायचीच. पण डोळे राखून. सगळीच घेतली तर फुटेल कुठून?”

“असं होय… कुणी शिकवलं तुला?”

यशोधनची नजर पुन्हा कुंपणापलीकडं गेली.

“नानांनी,” म्हणाला. “लहान होतो. पहिलीच काडी मी अशीच घेतली होती, बुडातून. रागावले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून दुसरी कापून घेतली…”

फादर स्टुलावरून उतरले. माझ्या खांद्याचा आधार घेत, सावकाश. मी त्यांची काठी हातात दिली. कात्री पुसली आणि त्याच्यापुढं केली.

“ही नानांची आहे. मागून आणली होती. देऊन ये.”

“ते बोलणार नाहीत, फादर.”

“छाटायला बोलावं लागतं का?”

त्यानं कात्री घेतली. खटका सोडून, मिटून, धार बोटानं बघितली, अगदी नाना बघतात तशी. मग फाटकाकडं वळला.

“येतो,” म्हणाला. सवयीनं.

“हेच स्पॅनिशात म्हण.”

तो उभा राहिला. मघाचा पहिला नंबर आता चेहऱ्यावर नव्हता.

“अस्ता लुएगो, फादर,” हळूच म्हणाला.

“हां… आता आलं.”

पलीकडं नानांनी हात खाली घेतला होता. इकडंच बघत होते.

यशोधन फाटकाबाहेर पडला, दोन पावलं गेला आणि परत वळला. फादरच्या काठीकडं, त्यांच्या वाकलेल्या पाठीकडं बघत राहिला.

“फादर… मग अदिओस? तो शब्द कुठं वापरू?”

“तो इथंच ठेवून जा,” फादर म्हणाले. “मला लागेल.”