राजकन्येचा एकच शब्द

एका राज्यात इंद्रकेतू नावाचा राजा होता. बहिणीने, मेघावतीने, एका नावाड्याशी लग्न केलं म्हणून त्याने तिला देशोधडीला लावलं. पुढे राजाला मुलगी झाली. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं, अशी तिथली रीत. मेघावती बोलावण्यावाचून वेशीपर्यंत आली. राजाने तिला तिथूनच परतवलं आणि नाव स्वतःच ठेवलं, राजलेखा.

म्हातारा मांत्रिक म्हणाला, "महाराज, आत्याविना ठेवलेलं नाव लागत नाही. लेकराची वाचा अडेल."

राजे लोक कुणाचं ऐकतात थोडंच.

मुलगी वाढली, पण तिच्या तोंडून एकच शब्द निघे, "लुमा." दरबारात कुणालाच तो उमगेना. मांत्रिक म्हणाला, "शब्दाचं मूळ शोधा, वाचा सुटेल." राजा लेकीला घोड्यावर घेऊन निघाला.

डोंगरातले लोक म्हणाले, "लुमा म्हणजे निखारा. पहिला विस्तव राखणाऱ्या आजीचं ते नाव." राजाने निखारा दाखवला. मुलीने मान फिरवली.

समुद्रकाठचे म्हणाले, "लुमा म्हणजे परतीचा वारा. शीड भरताना असाच आवाज येतो." राजाने तिला शिडाखाली उभं केलं. ती नुसतीच रडली.

वाळवंटात म्हणाले, "लुमा म्हणजे गोडं पाणी. आमचे उंट पाण्याच्या वासाने असेच हुंकारतात." ती पाणी प्यायली आणि पुन्हा तेच म्हणाली, "लुमा."

राजा खचून तिथल्याच एका विहिरीच्या काठावर बसला. "एकच शब्द, तीन मुलखांत. खरा कुणाचा?"

काठावरची साळुंकी बोलली, "तिघांचाही. तो तीन ठिकाणी वेगवेगळा जन्मला, ते तिन्ही एकमेकांचे कुणी लागत नाहीत. तुझ्या लेकीचा चौथा."

"त्याचं मूळ कुठे?"

"तुझ्या बहिणीच्या ओठांवर. ती इथेच राहायची. भाचीसाठी मनाने जुळवलेल्या नावाने रोज तुझ्या राज्याकडे तोंड करून हाक मारायची. परवा हाक थांबली. त्या बाभळीखाली तिला पुरलं आहे."

राजा ओक्साबोक्शी रडला. मग साळुंकीने सांगितलं, "आता तिच्या वतीने तू नाव सांग."

बहिणीच्या मातीवर हात ठेवून राजा लेकीच्या कानाशी वाकला. "तुझी आत्या सांगते आहे, तुझं नाव लुमा."

वाचा सुटली. मुलीने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तात, मी तुम्हांला रोज माझं नावच तर सांगत होते."

पुढे त्या राज्यात कुठल्याच बहिणीला वेशीवरून परतवलं नाही. राज्य सुखी झालं. राजा तेवढा झाला नाही.