डोंगरावरचा ढोल

एका गावात सकाळी पावणेसातला, चुलीवर दूध ठेवलेलं असताना, डोंगरावरचा ढोल वाजायला लागला आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

त्या डोंगरावर दाट रान होतं. रानात ते राखणारे रानकरी राहायचे, खाली ओढ्याकाठी गाव. दोघांचं जुनं ठरलेलं होतं. पावसात दरड हलायला लागली की रानकऱ्यांनी ढोल वाजवायचा, म्हणजे गाव वेळेत माळावर पळेल. आणि पाऊस नसताना ढोल वाजला तर समजायचं की रानकरी अडचणीत आहेत. मग घरटी एका माणसानं वर जायचं.

उन्हाळ्याचे दिवस होते. लाकडाचा व्यापारी माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन वर गेलाय, हे गावाला ठाऊक होतं. समोर गर्दी दिसली की असली माणसं मागं फिरतात, हेही ठाऊक होतं.

ओढ्याकाठच्या घरात एक तरुण आई होती. तिचा नवरा काठी घेऊन उठला. "येतो जाऊन."

"कुठं जाताय? कुऱ्हाडी आहेत त्यांच्याकडं. पोरगी एवढीशी आहे. काही झालं तर मी काय करू?"

"घरटी एकानं जायचं ठरलंय गं."

कुंपणापलीकडून शेजारीण हसली. "आमचे हे तर पांघरूण ओढून झोपलेत. भावजी, तुम्हालाच बरं शौर्य सुचतंय."

नवरा ओशाळला. आईनं त्याच्या हातातली काठी घेऊन कोपऱ्यात ठेवली आणि दाराला कडी घातली.

पोरीनं विचारलं, "आई, ढोल कशाला वाजतोय?"

"लग्न आहे त्यांच्यात. तू दूध पी."

त्या दिवशी गावातल्या प्रत्येक दाराला आतून कडी होती. ढोल दुपारपर्यंत वाजत राहिला. मग एकदम थांबला.

संध्याकाळी रानकरी बायकापोरांसह खाली उतरले. पुढं एक म्हातारा होता, खांद्यावर फोडलेला ढोल. तो कुणाला वाईट बोलला नाही. आईच्या दारात थांबून एवढंच म्हणाला, "पोरी, आम्ही चाललो. आता पावसात सावध झोपत जा. सांगायला वर कुणी नाही."

कुठं चाललात, हे त्याला कुणी विचारलं नाही.

पावसाच्या आत डोंगर बोडका झाला.

श्रावणात झड लागली. एका सकाळी चूल पेटेना, म्हणून आई पोरीला कडेवर घेऊन वरच्या आळीत विस्तव मागायला गेली. तेवढ्यात पाठीमागं काहीतरी मोठं घसरल्याचा आवाज झाला. तिनं वळून बघितलं तर ओढ्याकाठची घरं नव्हती. नुसता चिखल आणि दगड. नवरा घरातच होता, शेजारीणही. नवऱ्याची काठी तेवढी चिखलातून वर दिसत होती.

पोरगी म्हणाली, "आई, आज ढोल का नाही वाजला? लग्न संपलं का त्यांचं?"

आईनं तिला कडेवरून खाली ठेवलं आणि ती हातांनी चिखल उपसायला लागली.

तात्पर्य: जे रान राखतात त्यांच्या पाठीशी आपण उभे राहिलो नाही, तर आधी ते जातात, मग रान जातं आणि त्यामागून आपली घरं.

तुमच्या ओळखीचं कुणी डोंगराच्या पायथ्याला राहत असेल तर त्यांना ही गोष्ट आजच सांगा. आणि पोरांनी विचारलं की ढोल कशाचा, तर त्यांना खरं सांगा.