अंखूची दोरी आणि सेनबीचा हात

दोष अंखूचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गोष्ट सांगणारे लोक असल्या ठिकाणी नदीला दोष देतात, नशिबाला देतात, देवाला देतात, आणि म्हातारा तेवढा अलगद बाजूला राहतो. नदीने काही केलं नव्हतं. देवाने तर मुळीच नाही. दोष दोरी सांभाळणाऱ्या अंखूचा होता, आणि त्याच्या मागे बसून माना डोलावणाऱ्या बाकीच्या म्हाताऱ्यांचा.

तर ऐका. फार वर्षांपूर्वी, म्हणजे इजिप्तमधले पिरॅमिडसुद्धा जुने वाटायला लागले होते तेव्हा, नाईलच्या काठी तेपेत नावाचं गाव होतं. नाईलला दरवर्षी पूर यायचा. पूर ओसरला की शेतांवर काळा गाळ बसायचा, आणि त्या गाळात नुसतं बी फेकलं तरी गहू कमरेएवढा उभा राहायचा. पण पुरात सगळे बांध वाहून जायचे. कुणाचं शेत कुठे संपतं, कुणाचं कुठे सुरू होतं, काही कळायचं नाही. म्हणून दरवर्षी सगळी जमीन नव्याने मोजायची.

उत्तरेला देवळाचा दगड, दक्षिणेला काळा खडक, खडकापलीकडे नुसती वाळू. मधे एकाला एक लागून चौदा पट्टे. प्रत्येक पट्टा एक दोरी रुंद. दोरी शंभर हातांची, दर हाताला एक गाठ, आणि हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मोजणी देवळाच्या दगडापासून सुरू व्हायची. पहिला पट्टा देवळाचा, पुढचे बड्या म्हाताऱ्यांचे, आणि अगदी शेवटी, खडकाला टेकलेला चौदावा पट्टा तेती नावाच्या विधवेचा.

ही दोरी साधीसुधी नव्हती. मेंढ्याच्या तोंडाचा देव खनुम, जो कुंभाराच्या चाकावर माणसं घडवतो, त्याने ती स्वतः जेदीच्या हातात दिली, असं म्हणतात. जेदी म्हणजे गाव वसवणारा पहिला पुरुष. देवाने दिलेली म्हणून दोरी बदलायची नाही. तिला तेल लावायचं, धूप दाखवायचा, टोकाला मेंढ्याचं लाकडी डोकं बांधायचं, पण बदलायची नाही. आता खजुराच्या काथ्याची दोरी पिढ्यान्‌पिढ्या ओल्या गाळात दोन्हीकडून ताणली तर तिचं काय होईल, हे शेळ्या बांधणाऱ्या माणसालाही कळतं. तेपेतच्या म्हाताऱ्यांना कळत नव्हतं. किंवा कळत होतं. कारण दोरी लांबत गेली तशी पहिल्या तेरा पट्ट्यांना दरवर्षी थोडी थोडी जास्त जमीन मिळत गेली, आणि ती सगळी शेवटच्या पट्ट्यातून जात होती.

तेतीच्या सासऱ्याच्या काळी त्या पट्ट्यावर बारा माणसं पोटभर जेवायची. मागच्या मोजणीनंतर तो इतका अरुंद राहिला की औत वळवायला जागा नव्हती. दर मोजणीला अंखू खडकापाशी उभा राहून तेच बोलायचा, "जमीन आटली. या घरात पाप आहे." मग तेतीने पाप फेडायला देवळात बदकं न्यायची. म्हातारे बदकं खायचे. जमीन आटतच होती.

यंदा पट्टा उरणारच नव्हता. ज्याला पट्टा नाही त्याला गावात जागा नाही, असा नियम होता. राजाची माणसं येऊन त्याला दगडाच्या खाणीत घेऊन जायची, बायकापोरांसकट. तेतीला दोन मुली होत्या. खाणीतून परत आलेलं माणूस तेपेतमध्ये कुणीच पाहिलं नव्हतं.

सेनबी हा तेतीच्या बहिणीचा मुलगा. लिहायला शिकायचं म्हणून त्याला देवळात घातलं होतं, पण फार प्रश्न विचारतो म्हणून हाकलून दिलं, आणि मोजणीत दोरीचं टोक ओढायच्या कामाला लावलं. पूर चढायच्या आधी दोरीला तेल लावायचं कामही त्याच्याकडे आलं. तेल लावता लावता त्याने सहज आपला हात दोन गाठींमध्ये धरला. कोपर एका गाठीवर ठेवलं, तर मधलं बोट दुसऱ्या गाठीपर्यंत पोचेना. दोन बोटं कमी. पुढच्या गाठीत धरला, तिथेही दोन बोटं. असं म्हणतात की त्याने शंभरच्या शंभर गाठी तपासल्या. तपासल्याच असतील. डोकं फिरलेला माणूस दुसरं काय करणार?

तो उठून अंखूकडे गेला. देवळाच्या सावलीत म्हातारे खजूर खात बसले होते.

"आजोबा, दोरी लांबलीय."

"दोरी लांबत नसते. जमीन आटलीय."

"मग माझा हात धरून बघा की गाठींमध्ये."

अंखूने बघितलं. बघायला त्याचं काय जात होतं? "हात लहान आहे तुझा," तो म्हणाला. "तुझाच नाही, हल्लीच्या सगळ्यांचाच. पूर्वीची माणसं धिप्पाड होती, पोरा. जेदीबाबाच्या एका हातात तुझ्यासारखे दोन मावले असते."

"आणि बाभूळ? मावशीच्या सासऱ्याने बांधावर लावलेली. तिचा बुंधा आज शेजारच्या हेपूच्या पट्ट्यात पार आत उभा आहे."

"झाड सरकलं."

"झाड?"

"पापाच्या जमिनीत झाड थांबत नाही. सरकतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण तर म्हणाला की लहानपणी त्याने ते सरकताना पाहिलंय, जरा लंगडत होतं.

झालं. जमीन आटली, माणसं आटली, झाडाला पाय फुटले. सगळ्या जगात एकच वस्तू जागची हलली नव्हती, ती म्हणजे दोरी. असल्यांशी डोकं लावून काय फायदा? सेनबी परत जाऊन दोरीला तेल लावायला लागला. पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. पूर्वीची माणसं. दुसऱ्या कुठल्या देशात हे बोलणं तिथेच संपलं असतं, कारण पूर्वीची माणसं केव्हाच राख होऊन गेलेली असतात. तेपेतची पूर्वीची माणसं नदीपलीकडच्या कड्यात ओळीने झोपलेली होती. खारं मीठ लावून, कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून, अख्खीच्या अख्खी.

वर्षातून एकदा सगळं गाव होड्यांतून पलीकडे जायचं, गुहा उघडायचं, आणि आपापल्या मेलेल्यांसमोर भाकरी, कांदे आणि जवाची दारू ठेवून त्यांच्याबरोबर जेवायचं. त्या सणाला अंखूने जेदीची गुहा उघडली आणि पूर्वजांच्या मोठेपणावर बोलायला लागला. तो बोलत असतानाच सेनबी पुढे झाला, जेदीच्या पेटीपाशी गुडघे टेकले आणि म्हणाला, "बाबा, राग मानू नका. एवढ्यापुरता उजवा हात द्या."

असं म्हणतात की त्याने बोट लावायच्या आधीच कापड आपोआप उलगडलं, आणि हजार पूर पाहिलेला जेदीचा हात कोपरातून सरळ झाला. सेनबीने आपला हात त्याच्याशेजारी धरला. कोपराला कोपर. बोटाला बोट. गव्हाच्या दाण्याएवढाही फरक नव्हता.

सगळं गाव बघत होतं. तेतीने भाकरी खाली ठेवली. "इतकी वर्षं बदकं नेली मी," ती म्हणाली. "आणि जेदीबाबांचा हात आपल्याएवढाच."

मागे कुणीतरी हसलं. अंखू हसला नाही.

"मेल्यावर माणूस आटतो," तो म्हणाला.

"कातडी आटते, आजोबा. हाड कुठे आटतं?"

आणि म्हाताऱ्यांना उत्तर सुचलं नाही की ते शिक्षा शोधतात. अंखूने गुहेच्या तोंडावर शिळा लोटायला लावली, फटी चिखलाने बुजवल्या आणि वर देवळाचा शिक्का मारला. म्हणजे जेदीचा हात पुन्हा कुणी बघायला नको. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर पंच बसले. मेलेल्या माणसाचं कापड सोडणाऱ्याचा हात मनगटापासून तोडायचा, असा कायदा होता. अंखूने तो वाचून दाखवला.

सेनबीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मनगटापासून नको. कोपरापासून तोडा."

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. "आता अक्कल आली," अंखू म्हणाला. "पाप केवढं आहे ते कळलं म्हणून जास्त मागतोय."

गर्दीत एकट्या तेतीला कळलं. ती पुढे धावली, त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "नको रे पोरा. मी जाते खाणीत."

"मावशी," सेनबी म्हणाला, "अर्धं माप घेऊन कुणी काय करायचं?"

त्याचा उजवा हात कोपरापासून तोडला. तो ओरडला नाही, असं म्हणतात. ओरडला असणार. कोणीही ओरडेल, आणि ओरडलं म्हणून कोणी लहान होत नाही. हात मगरींना टाका, असं अंखूने सांगितलं. घाटाखालच्या डोहात एक म्हातारी मगर होती, तिच्या पाठीवर शेवाळ वाढलेलं, आणि मगरीच्या तोंडाचा देव सोबेक तिच्यात राहतो असं सगळे मानायचे. तिने हात तोंडात धरला आणि पाण्याखाली गेली. अंखू घरी जाऊन जेवला.

मग पूर आला, चढला आणि ओसरला. मोजणीचा दिवस उजाडला. तेतीने मुलींचं बोचकं बांधून ठेवलं होतं. राजाची माणसं खडकापाशी येऊन थांबली होती. अंखूने दोरी खांद्यावर घेतली, म्हातारे त्याच्यामागे उभे राहिले, आणि सगळे दगडापासून निघणार एवढ्यात डोहातलं पाणी हललं.

असं म्हणतात की ती मगर काठावर आली. देवळाकडे तिने बघितलंही नाही. ओल्या गाळातून पोट घासत, भर सकाळी, सगळ्या गावासमोर ती एकेक पट्टा ओलांडत गेली. तेराव्या पट्ट्यात, हेपूच्या जमिनीत, बाभळीच्या बुंध्यापाशी थांबली आणि तोंड उघडलं. सेनबीचा हात तिने तिथे ठेवला. त्याला एकही दात लागला नव्हता, चार महिने पाण्यात राहून तो कुजलाही नव्हता. कोपर बुंध्याला टेकलेलं, बोटं काळ्या खडकाकडे. मग ती आली तशी परत गेली. झाड सरकलं होतं की नाही, हे तिला कुणी विचारलं नाही.

तेतीने तो हात दोन्ही हातांनी उचलला, अंखूच्या पुढ्यात आली, त्याच्या खांद्यावरची दोरी ओढली आणि गाठींमध्ये हात धरला. दोन बोटं कमी. हात लहान आहे असं या वेळी कुणी म्हणालं नाही. जेदीच्या हाताशेजारी तो सगळ्यांनी पाहिला होता.

त्याच दिवशी बायकांनी खजुराचा नवा काथ्या वळला आणि सेनबीच्या हाताने मोजून शंभर गाठी मारल्या. दुपारपर्यंत तेरा पट्टे झाले, आणि तेरावा बरोबर बाभळीपाशी संपला. चौदाव्यासाठी दोरी ताणली तेव्हा शेवटची गाठ काळ्या खडकाला जाऊन टेकली. ना बोटभर जास्त, ना बोटभर कमी. राजाची माणसं रिकाम्या हातांनी परत गेली. तेतीने बोचकं सोडलं.

आणि म्हातारे काय म्हणाले? म्हणाले, आम्ही केव्हापासून सांगत होतो, त्या दोरीकडे बघायला हवं. अंखूने जाहीर केलं की खनुमने आपली दोरी परत मागितली आहे. तिची धूप जाळून, बासरी वाजवून अंत्ययात्रा काढली. पुढे अंखू पिकून, झोपेत मेला. त्याच्या थडग्यावर कोरलंय, 'याच्या हातून माप कधी चुकलं नाही.' देवळासारखीच त्याच्या गुहेतही भरपूर सावली आहे.

सेनबीचा हात सत्तर दिवस मिठात ठेवून वाळवला आणि त्यावरून देवळाच्या दगडात तेवढाच हात कोरला. कातडी आटली, हाड आटलं नाही. सत्याची देवी मआत, जिच्या डोक्यावर एकच पीस असतं, तिने सेनबीला सोन्याचा हात दिला, असं म्हणतात. हे मात्र खोटं आहे. सोन्याचा हात असता तर तेतीच्या मुलींना त्याला आयुष्यभर भाकरी मोडून द्यावी लागली नसती.

तेपेतच्या काठावर अजूनही पूर ओसरला की दरवर्षी नवी दोरी वळतात आणि ती दगडातल्या हाताला लावून बघतात. मोजणी आता काळ्या खडकापासून, शेवटच्या पट्ट्यापासून सुरू होते. दोरी ओढणारा आपला उजवा हात पाठीमागे बांधून घेतो. दोरीचं ओलं टोक गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने गुडघाभर गाळात उभं राहून धरायचं, आणि मोजणी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तो एक शब्द जरी बोलला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्याला सेनबीचा हात म्हणतात.

सेनबीचा हात कोपरापासून गेला. अंखूची एक दोरी गेली.