वाफजाईचे तिरके झाकण

धुरवलीच्या वाफजाईला शिखर नाही. चार भिंती आहेत, दार आहे, घंटा आहे. वर मात्र आभाळ. गाभाऱ्याच्या मधोमध जमिनीत एक विवर आहे, त्यावर मोठी काळी शिळा आहे आणि ती तीन दगडांवर तिरकी टेकवलेली आहे. फटीतून बाराही महिने वाफ येते. नवखे पाहुणे हमखास विचारतात, "वर्गणी कमी पडली का?" धाकू गुरव हा प्रश्न तीस वर्षे ऐकत आहेत. ते पाहुण्यांना बाहेर आणून आधी समोरचा सह्याद्री दाखवतात.

"थर दिसतात ना, एकावर एक? तो ऊत आहे."

असे सांगतात, की पृथ्वीच्या पोटात चूल आहे आणि तिच्यावर दगड शिजतो. फार पूर्वी, झाकण सरकवायला माणूसच नव्हते तेव्हा, तो उतू गेला. निवला, थर धरला, पुन्हा उतू गेला. असे होता होता एवढा सह्याद्री झाला. मध्यंतरी एका कॉलेजची मंडळी हातोडे घेऊन आली आणि दोन दिवस दगड फोडून त्यांनी जवळपास हेच सांगितले. फक्त चुलीचे नाव घेतले नाही. गुरवांनी त्यांनाही प्रसाद दिला.

त्या चुलीची थोडी वाफ धुरवलीच्या विवरातून बाहेर पडे. तीच वाफजाई. वर्षातून एकदा, चैत्री पुनवेला, तांदळाची पुरचुंडी त्या वाफेवर धरून देवीचा भात शिजवायचा, आणि तो मान आवडाईचा. आवडाई ही विधवा बाई गावजेवणाचा भात रांधत असे. झाकण न उघडता, नुसत्या आवाजावरून भाताला किती कढ आले ते तिला कळे. तिच्याजवळ शेत नव्हते, मुलगा नव्हता. तो मान तेवढा होता.

गावचे विसाजी खोत एका साली घाटावर जाऊन आले. तिथली उंच शिखरांची देवळे पाहून त्यांना आपल्या देवीची लाज वाटू लागली. उघड्यावर बसून ही दमेकऱ्यासारखी धापा टाकते, हे काही घरंदाजपणाचे लक्षण नव्हे. त्यांनी भिंती उभारल्या, विवरावर शिळा बसवली आणि चुना, गूळ, बेलफळ घालून सगळ्या कडा लिंपून टाकल्या. वाफ थांबली. देवी शांत झाली, असे खोतांनी जाहीर केले. गावाने माना डोलावल्या, कारण खोतांनी जाहीर केल्यावर तेवढेच काम उरत असे.

पंधरा दिवसांत विहिरी कोमट झाल्या. खोत म्हणाले, देवीने आंघोळीची सोय केली. मग ओढ्यात मासे उलटे तरंगू लागले. खोत म्हणाले, जाळे टाकायचे कष्ट वाचले. मग जमीन हलकीशी थरथरू लागली, आणि त्यावर खोतांना काही सुचले नाही.

चैत्री पुनवेला सकाळी शिखराचा पहिला दगड बसवायचा मुहूर्त होता. सारा गाव देवळात जमला होता. आवडाईने आत येऊन शिळेला कान लावला. झाकण उडायच्या आधी तांब्याचे तपेले जसे गुणगुणते, तसा आवाज तिला ऐकू आला.

"विसाजीबाबा, दगड ठेवू नका. हे उतू जाणार."

"आवडे, भात रांधणाऱ्या बाईने देवीचे सांगू नये."

"देवीचे मला ठाऊक नाही. आत शिजतेय आणि झाकण घट्ट आहे, एवढे कळते. हे उडाले तर इथे डोंगर होईल, आणि आपण त्याच्याखाली."

"आज शिळेला हात लावलास तर मान गेला. पुन्हा देवीचा भात तुझ्या हातून व्हायचा नाही."

 आवडाईने भिंतीशी टेकवलेली गवंड्याची पहार उचलली.

कोणी तिला अडवले नाही, मदतही केली नाही; दोन्हींसाठी खोतांची परवानगी लागली असती. तिने एका कोपऱ्याचा चुना फोडला, पहारेने शिळा तसूभर उचलली आणि झाकणाखाली पळी सारावी तसा एक दगड आत सारला. वाफ शिटी घालत सुटली. खोतांचे पागोटे उडाले. ते पुढे फणसावर सापडले, म्हणे. लोक दाराकडे धावले. आवडाईने दुसरा दगड सारला. तिसऱ्याच्या वेळी फटीतून काळा रस बाहेर आला, पेजेसारखा दाट, निखाऱ्यासारखा लाल कडांचा. तिने तरीही तिसरा दगड नीट बसवला. उजवा हात कोपरापर्यंत जळून गेला.

रस दारातून ओढ्यापर्यंत सरपटला आणि निवला. जमिनीची थरथर थांबली.

खोत शब्दाचे पक्के होते. मान गेला म्हणजे गेला, असे ते दुसऱ्याच दिवशी म्हणाले. हात नसलेल्या बाईचा रांधायचा मान काढून घेणे त्यांना जमले. पण पुनवेला राहून गेलेला देवीचा भात अजून व्हायचा होता, आणि तो मान घ्यायला गावातले एकही घर तयार होईना. खोतांनी प्रत्येक दार ठोठावले. प्रत्येक दारातून एकच उत्तर आले, "ज्याने काढला त्याने रांधावा."

शेवटी विसाजी खोत तांदूळ घेऊन वाफेपाशी बसले. पहिल्या वर्षी भात कच्चा राहिला, दुसऱ्या वर्षी गिचका झाला. तिसऱ्या वर्षी ते आवडाईच्या दारात गेले आणि म्हणाले, "आवडाबाई, मला आवाज ऐकू येत नाही. येऊन बसशील?"

ती आली. रांधायला नव्हे, ऐकायला.

आजही दाराबाहेर तो काळा रस दगड होऊन पडला आहे आणि लोक त्यावर चपला काढतात. आजही चैत्री पुनवेला खोतांच्या घरातला वडील पुरुष, मग तो कुठे का साहेब असेना, पागोटे उतरवून देवीचा भात रांधतो. आवडाईच्या भावाच्या वंशातली एक बाई शेजारी डोळे मिटून बसते. खोत विचारतो, "झाला का गो?" ती गप्प. तो पुन्हा विचारतो. बाहेर सारा गाव पत्रावळी मांडून बसलेला असतो.

ती "उतरव" म्हणेपर्यंत धुरवलीत कोणी जेवत नाही.