धुळाक्काची सावली

आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती, तेव्हाची ही एका दूरच्या दीर्घिकेतली गोष्ट. तिथे धुळीचा एक काळा ढग होता. सगळे त्याला धुळाक्का म्हणत. तिच्या सावलीत वायू गार राहायचा आणि त्या गार वायूचेच गोळे होऊन तारे जन्मायचे. तेजू तिथेच जन्मला होता. त्याची धाकटी बहीण अजून गोळा होत होती.

"अक्का, बाजूला हो ना! तुझ्या काळ्या पदराआड मी कुणाला दिसतच नाही," तेजू फणफणला.

"थोडं थांब, बाळा. बहिणीला तुझं ऊन सोसायचं नाही."

"सारखं तिचंच कौतुक!" म्हणत तेजूने जोरात फुंकर मारली.

धुळाक्का चहूकडे उधळली. जाता जाता तिने पाहिलं, तर तो अर्धवट गोळा तापून विरून गेला होता.

"काय लखलखीत अंगण आहे!" शेजारच्या दीर्घिकेतले तारे म्हणाले. तेजू सुखावला. पण युगं गेली, तसा तो एकटेपणाला कंटाळला.

"अक्का, मला खेळायला कुणीतरी कर ना!"

लांब विखुरलेल्या धुळाक्काला ते ऐकू आलं. "आता कशाने करू रे?" ती म्हणाली. पण एकेकट्या कणाचा आवाज तो केवढा! तेजूपर्यंत तो पोचलाच नाही.

शेजारी मात्र अजून अंगणाचं कौतुक करत होते.