सावली पडेल तिथवर

त्या राज्यात आवाजाला फार लांब जाता येत नसे. हवाच तिथली जड होती. हाक तोंडातून निघे, दोन-चार झुडपं ओलांडी आणि दमून गवतात पडे. म्हणून दूर राहणाऱ्यांचे निरोप पक्षी पोचवत, आणि त्याचं मोल प्रत्येकजण आपल्या अंगावर जे असेल त्यातून चुकतं करी. कोणी केस देई, कोणी लव, कोणी खवले. पक्ष्यांची घरटी त्यावर भक्कम होत गेली होती.

येसू सायाळीला अनेक वर्षं या कशाचीच गरज पडली नव्हती. तिची लेक शेवंती शेजारच्याच बिळात राहायची. पण लग्न होऊन शेवंती नदीपल्याड, डोंगरामागच्या एका खोल घळीत नांदायला गेली, आणि येसूचं घर एकदम मुकं झालं. त्यातच शेवंतीला दिवस गेल्याची कुणकुण लागली. पहिलटकरीण पोर, तिथे तिचं असं कोणी नाही. येसूने ठरवलं, आता आवाजाची सोय केलीच पाहिजे.

राज्यात निरोप नेणारे दोन थवे होते. कावळे स्वस्त होते. दर पुनवेला एक काटा दिला की झालं. पण ते नदी ओलांडत नसत, आणि वाटेत कुठे खरकटं दिसलं तर निरोप तिथेच टाकून जात. बगळे दर पुनवेला तीन काटे मागत. शिवाय तीन वेळा शेवरी फुलेपर्यंत करार मोडता येत नसे.

येसू कित्येक दिवस बिळाच्या तोंडाशी बसून हिशेब घालत राहिली. तीन काटे म्हणजे थोडेथोडके नव्हेत. नवे उगवायला वेळ लागतो, आणि त्या रानात तरसांचा वावर होता. सायाळीला तिच्या काट्यांखेरीज दुसरा आधार नसतो.

शेवटी तिने रंगा मुंगसाला विचारलं. रंगा तिचा जुना शेजारी. तिचा नवरा गेला तेव्हा बिळाचं तोंड बुजवून रात्रभर बाहेर राखण करणारा हाच.

"रंगादादा, तुम्ही बगळ्यांकडेच आहात ना? कसं आहे त्यांचं?"

"येसूवहिनी, डोळे झाकून जा," रंगा म्हणाला. "स्वस्तातलं घेऊन ऐन वेळी हात चोळत बसायचं का? लेकीचा प्रश्न आहे." आणि तो स्वतः तिला बगळ्यांच्या तळ्यावर घेऊन गेला.

थोरला बगळा एका पायावर उभा होता. बोलणं अगदी मृदू. "आमची सावली जिथे जिथे पडते, तिथे तिथे तुमचा आवाज पोचेल, बाई," तो म्हणाला.

"घळीतसुद्धा?"

"घळीवरून आम्ही रोज उडतो."

येसूने रंगाकडे पाहिलं. रंगाने मान हलवली. बगळ्याने चोचीने चिखलात एक गोल काढला आणि येसूने त्यात पाऊल उमटवलं.

पहिल्याच दुपारी तिने हाक दिली. ऊन कलायच्या आत शेवंतीचं उत्तर आलं, अगदी तिच्याच आवाजात, तिच्याच लाडिक हेलात. "आई, इथलं पाणी गोड आहे गं. काळजी करू नकोस." येसूला काट्यांचं दुःख उरलं नाही. रोज दुपारी मायलेकी बोलू लागल्या. दिवस भरत आल्यावर शेवंती म्हणाली, "कळा सुरू झाल्या की हाक मारीन. लगेच निघ."

"तुझी हाक पुरी व्हायच्या आत निघेन," येसू म्हणाली.

मग मळभाचे दिवस आले. आभाळ खाली उतरलं आणि तसंच राहिलं. दुपारच्या हाका बंद झाल्या. येसू रोज तळ्यावर जाऊन विचारी, "काही निरोप?" बगळा शांतपणे म्हणे, "नाही, बाई." पुनवेला मात्र तो तिच्या दारी येई आणि तीन काटे उपटून नेई. येसू मनाची समजूत घाली. निरोप नाही म्हणजे अजून वेळ आहे. वेळ आली की पोर हाक मारीलच.

पण एका सकाळी तिच्याने राहवेना. ती तशीच उठली, नदीला उतार सापडेपर्यंत काठाकाठाने चालत राहिली, डोंगर चढली आणि घळीत उतरली.

शेवंती कपारीत पडून होती. तिच्या कुशीत एक पिल्लू चोखत होतं. कपारीबाहेर मातीचा छोटासा ओला उंचवटा होता. येसूने तो पाहिला आणि तिला काही विचारावं लागलं नाही.

"मी हाक मारली होती, आई," शेवंती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच येसूला सोसेना. "दोन होती. दुसरं अडलं. बगळा समोरच्या खडकावर उभा होता. मी त्याला म्हटलं, आईला सांग. तो म्हणाला, आज सावली पडलेली नाही."

"तो तिथे होता?"

"होता. सगळं होईपर्यंत होता."

परतल्यावर येसू बिळात गेलीच नाही, थेट तळ्यावर गेली. थोरल्या बगळ्याने तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. 

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण आम्ही सावलीचा शब्द दिला होता, ढगांचा नव्हे. आणि घळीत तर भर दुपारीच काय ती सावली पोचते."

"मग ढग होते तेव्हाचे काटे?"

"काट्यांना ढगांची अडचण येत नाही, बाई."

"मला नको तुमचं काही. मोडा करार."

"तीनदा शेवरी फुलू द्या की. तोवर थांबायचं नसेल, तर आपल्या जागी दुसरं कोणी आणून द्यावं. मग तुम्ही मोकळ्या." बगळ्याने पाय बदलला. "रंगाला विचारा. त्याला सगळी रीत ठाऊक आहे."

रंगा दारातच ऊन खात बसला होता. येसूने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. अवघ्या रानात सगळ्यांची अंगं विरळ झालेली, आणि याचे केस दाट, तुकतुकीत.

"मला तुमच्या जागी देऊन तुम्ही मोकळे झालात," ती म्हणाली.

रंगाने नाकारलं नाही. "घरात बायको थंडीने कुडकुडत होती, वहिनी. माझ्या अंगावर केस उरले नव्हते. मलाही कोणीतरी असंच नेलं होतं तिथे."

"मला सांगितलं असतंत तर मी तुमच्यासाठी काटे दिले असते. मागाल तितके."

 येसू तिथून निघून आली. त्यानंतर ती त्याच्या दाराशी कधी गेली नाही.

थंडी वाढली. दर पुनवेला बगळा येत राहिला. येसूच्या पाठीवर पंजाएवढी जागा उघडी पडली, मग तिला लागून आणखी एक. एका पहाटे बिळाच्या तोंडाशी तरसाचं हुंगणं ऐकू आलं. येसूने सवयीने अंग फुलवलं. पूर्वी असा खळखळाट व्हायचा की तरस मागे सरायचं. आता नुसती किरकिर झाली. तरस घाई न करता, पुन्हा येणार असल्यासारखं, निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी येसू टेकडीखालच्या पारू सशिणीकडे गेली. पारूची दोन्ही पोरं नुकतीच नदीपल्याड गेली होती. पारूने तिला आत घेतलं, बसायला मऊ जागा करून दिली. बिळाच्या भिंतींना तिने स्वतःच्या अंगाची लव लावून ऊब केली होती. येसू भिंतीला पाठ टेकून बसली.

"बरं झालं आलात, येसूमावशी," पारू म्हणाली. "रोज विचार करतेय. कावळे परवडतात, पण नदीशी थांबतात. बगळे महाग. तुमची लेक तर पार घळीत आहे. ऐकू येतो का तुम्हाला तिचा आवाज?"

येसूने भिंतीच्या लवेवरून पंजा फिरवला.

"येतो," ती म्हणाली. "दिवसरात्र येतो."

पारूचा चेहरा उजळला. ती लगोलग उठली आणि तळ्याच्या वाटेला लागलीसुद्धा. तिच्यामागून जायला येसू उठली, तेव्हा भिंतीची पांढरी लव तिच्या उघड्या पाठीला चिकटून आली.